रिपोर्टवर बुरशीचं पूर्ण नाव लिहा

‘कॅन्डिडा स्पीशीज आढळली.’ सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यातल्या आयसीयूंमधून येणारे रक्ताच्या कल्चरचे रिपोर्ट मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. बुरशी सापडलेल्या कितीतरी रिपोर्टांवर शेवटची ओळ एवढीच असते. कोणती कॅन्डिडा, ते लिहिलेलं नसतं. ती कोणत्या औषधाला दाद देईल, तो रकाना कोरा असतो. तिथे जिवाणू सापडला असता तर त्याच कागदावर अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी आली असती आणि प्रत्येक नावापुढे ‘एस’ (दाद देतो) किंवा ‘आर’ (दाद देत नाही) छापलेलं असतं. बुरशीच्या बाबतीत तेवढी तसदी घेतली जात नाही. मग ड्युटीवरचे डॉक्टर हाताशी असलेलं फ्लुकोनॅझोल सुरू करतात, नातेवाइकांना ‘इन्फेक्शन आहे, औषध चालू केलंय’ म्हणून सांगतात, आणि पुढचे दिवस ताप उतरायची वाट बघण्यात जातात.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. नोकरीची सुरुवात कऱ्हाडला झाली, पुढची सगळी वर्षं मिरजेत गेली. माहेर तासगाव तालुक्यातलं सावळज. घरची द्राक्षबाग आहे, ती आता धाकटा भाऊ बघतो. त्यामुळे बागेत बुरशीनाशक उडवणारा ब्लोअर आणि आयसीयूत बुरशीचं औषध चढवणारं सलाइन, दोन्ही माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. दोन्हीकडे औषधं एकाच कुळातली आहेत. दोन्हीकडे ती बुरशी न ओळखता, अंदाजाने दिली जातात. आणि दोन्हीकडे त्यांना दाद न देणाऱ्या बुरशा तयार होत आहेत. हे थांबवायचं तर बुरशी नेमकी कोणती, हे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आणि वेळेत कळायला हवं. बाकी सगळे उपाय त्याच्यानंतर.

जत भागातल्या एका बाईंची केस सांगते. आतड्याला भोक पडलं म्हणून तातडीचं ऑपरेशन झालेलं, मधुमेह जुना, मानेच्या शिरेत सेंट्रल लाइन, अन्न शिरेवाटे, आणि तीन भारी अँटिबायोटिक्स एका वेळी चालू. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप चढला. रक्ताची बाटली मशीनमध्ये होती, तिचा सिग्नल आला. स्लाइड रंगवून बघितली तर जांभळ्या, अंडाकृती पेशी आणि काहींना बाजूने कळी फुटलेली. म्हणजे यीस्ट, बुरशीच. वॉर्डला फोन केला तर पलीकडून प्रश्न आला, ‘मॅडम, कंटॅमिनेशन तर नसेल ना?’ हा प्रश्न मी आजवर फार वेळा ऐकला आहे, म्हणून इथे ठळकपणे लिहिते: रक्तात सापडलेली कॅन्डिडा कधीही कंटॅमिनेशन समजायची नसते. एका बाटलीत सापडली तरी तो आजार धरायचा आणि त्याच दिवशी उपचार सुरू करायचे.

त्या बाईंना फ्लुकोनॅझोल सुरू झालं. इकडे रंगीत प्लेटवर वाढ आली ती फिकट गुलाबी. अल्बिकन्स असती तर हिरवी आली असती, ट्रॉपिकॅलिस असती तर निळी. जर्म ट्यूब चाचणी निगेटिव्ह. ओळख पटवणाऱ्या यंत्राने नाव दिलं ‘कॅन्डिडा हेम्युलोनी’. इथे अनुभवी माणसाला शंका यायलाच हवी, कारण ‘कॅन्डिडा ऑरिस’ नावाची बुरशी जुन्या पद्धतीच्या यंत्रांना हेम्युलोनीच वाटते. नमुना बाहेरगावी पाठवला. उत्तर आलं ते ऑरिसचंच. फ्लुकोनॅझोलचा तिच्यावर काही उपयोग नव्हता. मग कॅस्पोफंजिन सुरू झालं, लाइन काढून टाकली, आणि बाई वाचल्या. पण मधल्या दिवसांत त्यांच्या किडन्यांनी मान टाकली, डायलिसिस मागे लागलं, आणि घरच्यांनी शेतावर कर्ज काढलं. पुढच्या उपचारांसाठी त्यांना दुसऱ्या शहरात हलवलं, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘सेप्सिस’ असं लिहिलेलं होतं. बुरशीचं नाव नव्हतं. बाई आधी ज्या आयसीयूत होत्या, तिथे थोड्याच आठवड्यांनी आणखी दोघांच्या रक्तात हीच बुरशी निघाली.

ही ऑरिस पहिल्यांदा ओळखली गेली २००९ साली जपानमध्ये, एका रुग्णाच्या कानातून. पाठोपाठ दिल्लीच्या दोन रुग्णालयांतल्या रुग्णांच्या रक्तात ती सापडल्याचं वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने देशातल्या २७ आयसीयूंचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या १,४०० रुग्णांपैकी ७४ जणांना ऑरिस होती आणि ती २७ पैकी १९ आयसीयूंत पोचलेली होती. हे नमुने २०११-१२चे आहेत. म्हणजे कोविडच्या कितीतरी आधी ती देशात ठाण मांडून बसली होती. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना आधी बुरशीचं औषध दिलं गेलं होतं, त्यांच्यात ऑरिस निघण्याचं प्रमाण जास्त होतं. ‘असू दे, कव्हर म्हणून’ असं म्हणून सुरू केलेलं फ्लुकोनॅझोल साध्या बुरशा मारून या बयेला मोकळं रान करून देतं.

तिचा दुसरा त्रास म्हणजे ती माणसाच्या काखेत, जांघेत आणि पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, मॉनिटरच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. नेहमीच्या सुगंधी फिनेलने किंवा क्वाटर्नरी अमोनियमच्या द्रावणाने ती मरेलच असं नाही. तिला क्लोरीन लागतं. ताज्या केलेल्या ब्लीचच्या द्रावणाने पुसायचं, ठरलेला वेळ ते ओलं ठेवायचं, आणि हे काम करणाऱ्या मावशींना व मामांना ते का करायचं हे नीट सांगायचं. आमच्याकडे फरशी दिवसातून चार वेळा चकचकीत होते, पण बीपीचा पट्टा एका रुग्णाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर तसाच जातो. आयसीयूतली एक अनुभवी सिस्टर मला म्हणाली होती, ‘मॅडम, आम्हाला कोण सांगतच नाही कुठल्या बेडला काय आहे ते. कळलं तर आम्ही करू की.’ ती खरं बोलत होती. नावच लॅबमधून बाहेर पडत नसेल तर तिने काळजी घ्यायची कशाची?

मिरजेच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उघडलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं गाव आहे. सांगली जिल्हा तर आहेच, शिवाय सोलापूरकडून आणि सीमेपलीकडून अथणी, रायबाग, चिकोडी, जमखंडीकडून रुग्ण येतात. इथून काही कोल्हापूरला जातात, काही पुण्याला. कऱ्हाडचं तसंच, हायवेवरचे अपघात आणि पाटण खोऱ्यातून आलेले गंभीर रुग्ण तिथे पोचतात, आणि तिथून पुढेही जातात. एका गंभीर रुग्णाला महिन्याभरात तीन आयसीयूंचे पलंग लागणं आपल्याकडे नवलाचं नाही. प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर फाइल जाते, एक्स-रे जातात, बिलं जातात. अंगावरची बुरशीही जाते, पण तिची नोंद जात नाही. रेफरल चिठ्ठीवर ‘बुरशी: कोणती, कधी सापडली, कोणतं औषध चालतं’ अशी एक ओळ सक्तीची करायला पैसा लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीचं एक पत्रक पुरेल.

बुरशीचं नाव कळण्याला किती किंमत आहे, हे आपण सर्वांनी २०२१ साली पाहिलं आहे. दुसऱ्या लाटेत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पोळले होते. त्यातून उठलेले, साखर वाढलेले, स्टिरॉइडचे डोस घेतलेले रुग्ण नाक चोंदलं, गाल सुजला, डोळा उघडत नाही म्हणून परत येऊ लागले. म्युकरमायकोसिस. त्या वर्षी जूनअखेरपर्यंत देशात ४० हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, आणि महाराष्ट्राचा वाटा त्यात मोठा होता. म्युकरचं वैशिष्ट्य असं, की फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल या दोन्हींना ती जन्मतःच दाद देत नाही. तिला अँफोटेरिसिन लागतं. पण नाकात ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी असेल तर पहिलं औषध व्होरिकोनॅझोल. दोघींची लक्षणं वरून सारखी दिसू शकतात. फरक दाखवतो तो मायक्रोस्कोप.

त्या दिवसांत ईएनटीचे सर्जन नाकातला काळा पडलेला तुकडा घेऊन स्वतः लॅबमध्ये येत. तो तुकडा सलाइनमध्ये आणायचा असतो. फॉर्मालिनमध्ये टाकला की बुरशी मरते, कल्चरमध्ये काही वाढत नाही, आणि गर्दीच्या त्या दिवसांत असे मेलेले तुकडे पुष्कळ आले. तुकडा कुटायचाही नसतो. म्युकरचे धागे नाजूक, कुटले की तुटून मरतात, म्हणून ब्लेडने बारीक चिरायचा. त्यातला एक कण काचेवर ठेवून वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडायचा, जरा वेळ थांबायचं आणि बघायचं. रुंद, रिबिनीसारखे, मध्ये पडदे नसलेले, काटकोनात फुटलेले धागे दिसले की म्युकर. बारीक, पडद्या-पडद्यांचे, तिरक्या कोनात फुटलेले दिसले की बहुधा ॲस्परजिलस. अर्ध्या तासाचं काम, आणि सामान म्हणाल तर काच, एक थेंब आणि बघणारा डोळा. साठ किलोच्या माणसाला लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या दिवसाला सहा कुप्या लागत होत्या. कुप्यांचा कोटा केंद्राकडून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला येत होता. लोक चिठ्ठ्या घेऊन सांगलीहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला धावत होते. त्या एका थेंबावर ठरत होतं की या माणसाला त्या कुप्यांची गरज आहे की नाही.

त्या उन्हाळ्यात सरकारने म्युकरला नोंद करण्याजोगा आजार ठरवलं, महात्मा फुले योजनेत उपचार बसवले, रोजचे आकडे मागवले. लाट ओसरली आणि ती लगबगही ओसरली. बुरशी ओळखणारी माणसं, जी त्या तीन-चार महिन्यांत घाईघाईने का होईना तयार झाली होती, त्यांच्या बदल्या झाल्या, कंत्राटं संपली. हे मला फार लागतं. एवढी मोठी किंमत मोजून मिळवलेलं कसब आपण हातचं घालवलं.

आता बागेकडे येते.

सांगलीची द्राक्षं आणि बेदाणा साऱ्या देशाला माहीत आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हळदीलाही आहे. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, जत, पलूस या तालुक्यांतल्या हजारो घरांची चूल द्राक्षावर पेटते. आमचीही पेटली, माझं मेडिकलचं शिक्षण त्याच पैशातून झालं. म्हणून शेतकऱ्याकडे बोट दाखवणारा लेख मी लिहिणार नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे चार महिने माणूस झोपत नाही. ढग आले की डाऊनी हा रोग, ढग गेले की भुरी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने बागाच्या बागा कुजल्या, तेव्हा लोकांनी रात्री ट्रॅक्टरचे दिवे लावून फवारण्या केल्या. वर्षाची कमाई चार दिवसांत जाते, त्या माणसाला ‘फवारू नको’ म्हणणं सोपं नाही.

पण काय फवारलं जातं, ते बघितलंच पाहिजे. भुरीवर चालणाऱ्या औषधांत हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल, टेट्राकोनॅझोल अशी नावं येतात. हळदीच्या करप्यावर प्रोपिकोनॅझोल. ही सगळी ट्रायझोल कुळातली. आयसीयूतलं फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, पोसाकोनॅझोल हीसुद्धा ट्रायझोलच. काम करण्याची रीत एकच: बुरशीला आपल्या पेशीचं आवरण बनवायला एर्गोस्टेरॉल लागतं, ते तयार करणारं एक एन्झाइम ही औषधं बंद पाडतात. जी बुरशी बागेत या एन्झाइमचा साचा बदलून घेते, तिला वॉर्डातलं औषधही लागू पडत नाही.

मागच्या हंगामात भावाच्या शेडमध्ये कृषी सेवा केंद्रातल्या दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठी बघितली. चार औषधं, चार कंपन्या, चार रंगांचे डबे.

‘आक्का, मी एकच औषध परत परत मारत न्हाई. बदलून बदलून मारतो,’ भाऊ म्हणाला.

डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचली. चारपैकी तीन डब्यांत ट्रायझोल होतं, त्यातल्या एकात दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं. कंपनी बदलत होती, औषधाचं कूळ तेच राहत होतं. भावाला दोष काय द्यायचा? आयसीयूतसुद्धा फ्लुकोनॅझोल चालेना म्हणून व्होरिकोनॅझोल लावलं जातं आणि औषध बदलल्याचं समाधान मिळतं.

बुरशी बागेत तयार होऊन दवाखान्यात पोचते याला आधार काय, असं विचारणारे डॉक्टर मला भेटतात, आणि प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्ये नव्वदच्या दशकाअखेरीपासून ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा एक प्रकार दिसू लागला. त्याच्या जनुकात एक ठरावीक बदल होता आणि ट्रायझोलना तो दाद देत नव्हता. ज्यांनी ही औषधं आयुष्यात कधी घेतली नव्हती अशांच्या फुप्फुसातही तो निघाला. मग तो औषध घेणाऱ्याच्या अंगात घडलेला असणं शक्यच नव्हतं. तोच बदल माती, कंपोस्ट आणि फुलशेतीच्या कचऱ्यात सापडला. डॉ. चौधरी यांच्या गटाने २०१२ मध्ये आपल्या देशातल्या मातीचे नमुने तपासले, त्यात सापडलेल्या या बुरशीपैकी ७ टक्के ट्रायझोलना दाद न देणारी निघाली, आणि जनुकातला बदल तोच होता. भाताचं शेत, चहाचा मळा, रुग्णालयाच्या बागेतली कुंडी अशा जागी ती होती. २०२२ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या संशोधकांनी रुग्णांतली आणि परिसरातली बुरशी जनुकं लावून ताडून बघितली, तेव्हा काही जोड्या जवळजवळ एकसारख्या निघाल्या. त्याच वर्षी दिल्लीकडच्या एका अभ्यासात साठवणीतल्या सफरचंदांच्या सालीवर चक्क कॅन्डिडा ऑरिस सापडली. झाडावरून नुकत्याच तोडलेल्या सफरचंदांवर ती नव्हती.

ॲस्परजिलसला उष्ण, सडणारा पाला आवडतो. आपल्याकडे छाटणीच्या काड्या, पाला, मळी, उसाचं पाचट यांचे ढीग बांधाला लागतात आणि आतून चांगले तापतात. औषधाचा अंश असलेला पाला त्यातच. ढीग उलथला की बीजाणू हवेत. ते आपण सगळेच रोज श्वासातून घेतो, धडधाकट माणसाला काही होत नाही. पण जुन्या टीबीने फुप्फुसात पोकळी पडलेला ऊसतोड कामगार, केमो चालू असलेलं पोर, व्हेंटिलेटरवरचा म्हातारा यांच्यात ते रुजतात. टीबीच्या पोकळीत बुरशी धरली की महिनोन् महिने इट्राकोनॅझोल द्यावं लागतं. तेच चाललं नाही तर गोळीत देण्याजोगं फारसं काही उरत नाही.

नेदरलँड्सचं नाव वर आलं, त्याच युरोपात आपली द्राक्षं जातात. तिथल्या गिऱ्हाइकाच्या पोटात औषधाचा अंश जाऊ नये म्हणून आपल्याकडे केवढी चोख व्यवस्था आहे! ग्रेपनेटवर बागेची नोंदणी, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ठरवून दिलेली औषधांची यादी, फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचं अंतर हवं त्याचा तक्ता, प्रयोगशाळेचा दाखला. २०१० मध्ये लिहोसीन या रसायनाच्या अंशावरून कंटेनर अडकले तेव्हापासून तर लहानसा शेतकरीही हा हिशोब तोंडपाठ सांगतो. म्हणजे शिस्त लावली की आपला शेतकरी ती पाळतो, हे सिद्ध झालेलं आहे. ती शिस्त परदेशातल्या खाणाऱ्यासाठी आहे. बागेच्या बांधावर राहणाऱ्या, उद्या मिरजेच्या आयसीयूत येणाऱ्या माणसासाठीही एक रकाना त्यात वाढवायला हवा: मातीतल्या बुरशीने कोणत्या औषधाला दाद देणं सोडलं आहे.

युरोपने स्वतःपुरतं ते सुरू केलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या अन्न, औषध, रसायन, पर्यावरण आणि रोगनियंत्रण या विषयांच्या पाच संस्थांनी एकत्र बसून ट्रायझोल ज्यात येतात त्या ॲझोल औषधांच्या शेतीतल्या वापरावर आणि दाद न देणाऱ्या ॲस्परजिलसवर अहवाल दिला. आपल्याकडे कीटकनाशकाला परवानगी देणारी समिती कृषी मंत्रालयाकडे, माणसाच्या औषधाला परवानगी देणारी संस्था आरोग्य मंत्रालयाकडे. पण इच्छा असली की आपणही करतो. २०१९ मध्ये कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या आशेचं अँटिबायोटिक कोंबड्या आणि जनावरांना द्यायला केंद्राने बंदी घातली. ट्रायझोलवर सरसकट बंदी मी मागत नाही, द्राक्ष उभं राहणार नाही. मागते ते हे, की भुरीवर गंधक, जैविक औषधं आणि वेगळ्या कुळातली औषधं आधी वापरायची, एका हंगामात ट्रायझोल किती वेळा याची मर्यादा कृषी सहायकाने डोळ्यांत तेल घालून पाळून घ्यायची, आणि डब्यावर औषधाचं कूळ मराठीत, ठसठशीत अक्षरांत छापायचं. आणि बाजारात नवं बुरशीनाशक येताना आरोग्य विभागाला विचारायचं. ही गोष्ट पुढची नाही, आत्ताची आहे. ओलोरोफिम नावाचं नवं औषध खास दाद न देणाऱ्या ॲस्परजिलससाठी तयार होत आहे. ते रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच, बुरशीच्या त्याच दुबळ्या जागेवर मारा करणारं इप्फ्लुफेनोक्विन हे शेतीचं औषध २०२२ मध्ये अमेरिकेत नोंदलं गेलं. आपल्या कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ते येण्याआधी हा विचार झाला पाहिजे.

गजकर्णाविषयीही दोन वाक्यं लिहायला हवीत, कारण बाह्यरुग्ण विभागाची निम्मी रांग आता त्याने भरते. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांच्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या, टर्बिनाफिनच्या गोळ्या अर्धवट खाल्ल्या गेल्या, आणि त्यातून टर्बिनाफिनला न जुमानणारी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ ही बुरशी आपल्याच देशातून जगभर गेली. स्टिरॉइडची मलमं २०१८ मध्ये चिठ्ठीच्या यादीत टाकली गेली, तरी तासगावच्या पेठेत ती आजही नुसतं नाव सांगून मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने इकडे लक्ष द्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्यांदाच घातक बुरशांची यादी काढली. एकोणीस नावांपैकी सगळ्यात वरच्या गटात चार: क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स. ही चारही नावं सांगली-साताऱ्याच्या रिपोर्टांवर पूर्ण लिहिलेली दिसली पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक दवाखान्याने महागडं यंत्र घ्यायची गरज नाही. रंगीत प्लेट, जर्म ट्यूब आणि ती वाचणारा तंत्रज्ञ एवढं तालुक्याच्या ठिकाणीही जमेल. त्यापुढची ओळख पटवणारं मॅल्डी-टॉफ यंत्र आणि औषधाला दाद देते की नाही याची चाचणी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असावी, साताऱ्याच्या नव्या शासकीय महाविद्यालयात असावी, आणि खासगी दवाखान्यांचे नमुनेही तिथे माफक दरात घेतले जावेत. अडलेला नमुना चंदीगडच्या पीजीआयमध्ये पाठवायची सोय आहेच, ती वापरावी. बुरशीसाठी नेमलेला तंत्रज्ञ कंत्राटी नको, कायम हवा, कारण हे काम हाताला आणि डोळ्याला बसायला वर्षं लागतात.

त्याच प्रयोगशाळेत वर्षातून दोनदा, ऑक्टोबर छाटणीआधी आणि माल उतरल्यावर, द्राक्षपट्ट्यातली माती आणि कंपोस्ट, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातली, कोरेगावच्या आल्याच्या रानातली माती तपासली जावी. नमुने गोळा करायला कृषी सहायक गावोगाव आहेत. आमच्या बागेतली माती द्यायला भाऊ तयार आहे, आणि तिथे काय सापडलं ते गावाला सांगायलाही त्याची ना नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांकडे आरोग्यासाठी आणि शेतीसाठी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली दरवर्षी पैसा असतो. पालकमंत्र्यांनी पुढच्या बैठकीत जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि जिल्हा कृषी अधीक्षक यांना एकाच टेबलाशी बसवून या प्रयोगशाळेचा प्रस्ताव मंजूर करावा.